आई येऊर चढायला लागली

आईने भाव करणं सोडलंय, हे सगळ्यात आधी आमच्या कोळणीच्या लक्षात आलं.

ती चेंदणी कोळीवाड्यातून यायची. आमच्या नौपाड्यातल्या बिल्डिंगच्या जिन्याशी पाटी उतरवायची आणि खालूनच हाक मारायची. मग आई खाली उतरणार, बांगड्यांचे कल्ले उघडून बघणार, "हे कालचे आहेत" म्हणणार, कोळीण देवाची शपथ घेणार, पाटी उचलून निघून जायचं नाटक करणार, आणि दोघींचं यथासांग भांडण झालं की मासे आमच्या ताटलीत पडणार. त्या दिवशी मात्र आईने नुसती ताटली पुढे केली, मिळालं ते घेतलं आणि वर आली. कोळीण तिच्यामागून जिना चढून दारापर्यंत आली. मी कॉलेजला निघायच्या गडबडीत होते.

"काय गो बाय," ती मला हळूच म्हणाली, "तुजे आयशीला बरा नाय काय? आज भांडलीच नाय माज्याशी."

मी "ऑपरेशन झालंय ना, थकते" असं काहीतरी बोलले आणि चपला घालून पळाले. पण दिवसभर तो प्रश्न डोक्यात राहिला. कारण खरंच, आई गेले कित्येक दिवस कुणाशीच भांडली नव्हती.

ही ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. त्या वर्षी होळीच्या सुमारास माझी आजी, म्हणजे आईची आई, रत्नागिरीला वारली. आई धावतपळत एसटीने पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. तिथून आल्यावर तिच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या आणि गणपतीच्या आधी गर्भाची पिशवी काढून टाकावी लागली. ऑपरेशन नीट झालं, जखम भरली, सगळे म्हणाले सुटलीस एकदाची. आई उठून कामालाही लागली. पोळ्या व्हायच्या, भाजी व्हायची, कपडे दोरीवर पडायचे. फक्त ती बोलायची नाही. दुपारी भिंतीकडे तोंड करून पडायची आणि झोपलेली नसायची. सकाळी लागणारा रेडिओ बंदच राहायला लागला. तो कुणी बंद केला असं नाही, लावणारीने लावला नाही एवढंच.

बाबा कोलशेतच्या एका केमिकल कंपनीत स्टोअर्समध्ये होते. माणूस अबोल. घरी आल्यावर त्यांची वाक्यं मोजकी: "चहा", "पेपर कुठाय?" आणि आईला उद्देशून "अगं, ऐकलंस का". आई बोलायची म्हणून आमच्या घरात आवाज होता. ती गप्प झाल्यावर दोन खोल्यांत आम्ही तिघं असून कुणीच नसल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी एका संध्याकाळी बाबा तिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मीही बरोबर होते. डॉक्टरांनी आईला बाहेर बाकावर बसवलं आणि बाबांना म्हणाले, "टॉनिक देतो. पण हिला घरातून बाहेर काढा. मोकळ्या हवेत न्या. आता टाके वगैरे सगळं बरं आहे, थोडा थोडा चढ चढू दे."

"कुठला चढ?" बाबांनी विचारलं.

डॉक्टर हसले. "ठाण्यात राहता आणि कुठला चढ विचारता? मान वर करून बघा की जरा."

बाबांनी खरंच दवाखान्याच्या खिडकीतून मान वर करून बघितलं. तिथून समोरच्या बिल्डिंगची गच्ची दिसत होती. पण त्यांना कळलं. शनिवारी जेवताना ते म्हणाले, "उद्या सकाळी येऊरला जायचं."

"कुणाकडे?" आईने विचारलं.

"कुणाकडे नाही. नुसतंच."

आमच्याकडे नुसतंच कुठे जायची पद्धत नव्हती. लग्नाला जायचं, बारशाला जायचं, आजारी माणसाला बघायला जायचं, मे महिन्यात गावी जायचं. डोंगर होता घराच्या मागेच म्हणा ना, पावसाळ्यात त्याच्यावर ढग टेकलेले दिसायचे, पण आमच्यातलं कुणी कधी तिथे गेलेलं नव्हतं. आईने आणखी काही विचारलं नाही. सकाळी उठून तिने साडी बदलली आणि दाराशी येऊन उभी राहिली. तिच्यात त्या दिवसांत नाही म्हणण्याचीही ताकद नव्हती, म्हणूनच ती आली असं मला वाटतं.

बस पायथ्याशी सोडायची. थोडं चाललं की वनखात्याचा चेकनाका. आडवा बांबू, शेजारी शेकोटी, आणि खुर्चीवर मफलर गुंडाळून बसलेला पहारेकरी. त्याच्या पुढे रस्ता वळणं घेत वर जातो, दोन्ही बाजूंना साग, ऐन, पळस. थंडीचे दिवस होते, सागाची मोठाली पानं रस्त्यावर पडून वाळलेली. आई नाक्यापासून पहिल्या वळणापर्यंत चालली आणि रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसली. "बस झालं," म्हणाली.

बाबांनी पिशवीतून पेपर काढला, अर्धा मला दिला, अर्धा स्वतः उघडला. आम्ही तिथे बसून राहिलो. आईने पेपर घेतला नाही. ती झाडांकडे बघत होती की नुसतीच समोर बघत होती, सांगता येत नव्हतं. ऊन अंगावर आल्यावर आम्ही उठलो आणि बस पकडून घरी आलो. मला तो सगळा प्रकार फारच वेडगळ वाटला. जिन्यात मी बाबांना म्हटलं, "बाबा, ह्याने काय होणार?" बाबा म्हणाले, "पुढच्या रविवारी दुसरं वळण."

एवढंच त्यांनी धरून ठेवलं. घाई नाही, आग्रह नाही, दर रविवारी एक वळण. आई थांबेल तिथे थांबायचं, पेपर उघडायचा. बाबांना माणसांशी बोलता यायचं नाही, पण वाट बघता यायची. तिसऱ्या की चौथ्या वळणावर एक पांगारा होता, तो फुलला तेव्हा आई त्याच्याखाली बराच वेळ उभी राहिली. नंतर म्हणाली, "आमच्या परड्यात होता असा." बाबांनी पेपर खाली केला. मी वाट बघत होते, पुढे काही बोलते का म्हणून. ती चालायला लागली. पण बसमध्ये तिने मला विचारलं, "तुझी परीक्षा कधी आहे गं?" हा प्रश्न एरवी मला अजिबात आवडला नसता.

उन्हाळ्याच्या तोंडाला आम्ही चढ संपवून वरच्या सपाटीवर पोचलो, जिथे येऊर गाव लागतं आणि मधूनमधून आदिवासी पाडे. तिथून पुढे पायवाटा फुटतात. एक ओढ्याकडे जाते, एक टेकाडाच्या कडेकडेने जाऊन खाली खाडी दिसते तिथपर्यंत. आई त्या कड्याशी पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा बाबांनी तिला बोट करून दाखवलं, "ती चिमणी बघ, धूर येतोय ती. आमची कंपनी."

"एवढी लांब?" आई म्हणाली. "रोज एवढं लांब जाता तुम्ही?"

लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती त्यांच्या. बाबा कुठे जातात ते आईने पहिल्यांदा बघितलं, आणि ते डोंगरावरून.

परतताना पाड्यावरची एक बाई पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसली होती. आईने द्रोण उचलून बघितला आणि म्हणाली, "हे काय, वरती वरती काळी आणि खाली सगळी हिरवी!" बाईने ऐकून घेतलं नाही. "तुला पाहिजे तर घे नायतर ठेव," म्हणाली. मग आई खाली उकिडवी बसली आणि एक एक द्रोण तपासायला लागली. दोघींची चांगलीच जुंपली. बाबा बाजूला उभे होते, त्यांचं तोंड दुसरीकडे होतं, पण खांदे हलत होते. ते हसत होते की आणखी काही, ते मी बघायला गेले नाही.

चपलांवरून मात्र दर वेळी पंचाईत व्हायची. वाळलेल्या पानांवर आईच्या चपला घसरायच्या. दोनदा ती पडता पडता वाचली. तेव्हा बाबा तिला स्टेशनजवळच्या चपलांच्या दुकानात घेऊन गेले. साडी नेसलेल्या बाईच्या पायात घालायला चालायचे बूट दाखवा म्हटल्यावर दुकानदार गोंधळला. बायकांसाठी तसलं काही त्याच्याकडे नव्हतंच. शेवटी शाळेच्या मुलांचे पांढरे कॅनव्हासचे बूट निघाले, ते आईच्या मापाला बरोबर बसले. पण ते घालून गल्लीतून जायची तिची छाती होईना. कितीतरी रविवार ती बूट पिशवीत घालून न्यायची, चेकनाक्याच्या अलीकडे दगडावर बसून चढवायची, आणि येताना पुन्हा चपला. पहारेकरी तिला ओळखायला लागला होता. आम्ही दिसलो की स्वतःची खुर्ची पुढे सरकवायचा, "बसा ताई, बूट घाला."

मग एका रविवारी ती घरातच बूट घालून बाहेर पडली. का, ते मला माहीत नाही. साडी जरा वर खोचलेली, खाली पांढरे शुभ्र बूट. समोरच्या दारातल्या काकू दूध घ्यायला उभ्या होत्या. काकू म्हणजे आमच्या मजल्याचा लाउडस्पीकर. त्या बघतच राहिल्या.

"काय हो वहिनी, आज पीटीचा तास आहे का?"

"हो," आई म्हणाली. "येताय?"

काकू दूध घेऊन आत गेल्या. पण पुढच्या रविवारी त्या खरंच आल्या, पायात मुलाचे बूट आणि हातात दडपे पोह्यांचा मोठा डबा. तो डबा वरच्या सपाटीवर एका वानराने त्यांच्या मांडीवरून उचलला. काकू त्याच्यामागे धावल्या, वानर झाडावर चढलं, झाकण उघडलं आणि पोह्यांत घातलेली मिरची दाताखाली आल्यावर त्याने डबा जो फेकला तो काकूंच्या पायाशीच. "घरी माझ्या हातचं कुणी असं टाकत नाही हो!" काकू त्याला ओरडून सांगत होत्या. आई हसायला लागली. हसता हसता पोटाला हात लावून खाली बसली. टाक्यांना काही झालं की काय म्हणून मी घाबरले, पण ती नुसतीच हसत होती. तिचं हसणं मी वर्षभर ऐकलं नव्हतं.

हळूहळू आई पुढे आणि आम्ही मागे असं व्हायला लागलं. बाबांना धाप लागायची. ती वळणावर जाऊन थांबायची, कमरेवर हात ठेवून. तिला वाटा पाठ झाल्या. कुठली वाट ओढ्याशी जाऊन संपते, कुठली पावसानंतर गवतात हरवते, कुठल्या झाडावर तांबट बसून एकसारखा टुक टुक करत असतो, हे सगळं ती घरी आल्यावर पोळ्या लाटताना सांगायची. रेडिओ परत लागला होता. पण आईच्या बोलण्यात तो ऐकू यायचा नाही.

बिबट्याची गोष्ट त्यानंतरच्या हिवाळ्यातली. त्या रविवारी काकूंकडे पाहुणे होते म्हणून त्या आल्या नव्हत्या. ह्याचं दुःख त्यांना पुढे जन्मभर राहिलं. आम्ही तिघंच होतो. पहाटेच्या बसने आलेलो, वर पोचलो तेव्हा नुकतं उजाडलेलं. पाडा मागे टाकून ओढ्याच्या वाटेला लागलो. ती वाट कारवीच्या रानातून जाते, दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच झुडपं, समोर वळण आलं की पलीकडचं काही दिसत नाही. आई नेहमीसारखी पुढे. तिच्यामागे बाबा, शेवटी मी.

आधी वानरं ओरडली. नेहमीचं ओरडणं नव्हे, खाकरल्यासारखा कोरडा, पुन्हा पुन्हा एकच आवाज. आम्हाला त्याचा अर्थ माहीत नव्हता. मी वर बघत चालले होते आणि बाबांच्या पाठीवर आपटले, कारण बाबा थांबले होते. त्यांच्या खांद्यावरून मी पुढे बघितलं.

आई वळणावर उभी होती. तिच्यापुढे, आमच्या घराच्या पुढच्या खोलीएवढ्या अंतरावर, वाटेच्या मधोमध बिबट्या होता. तो बहुधा वाट ओलांडत होता आणि आई आल्यामुळे अर्ध्यावर थांबला होता. शरीर आडवं, मान तिच्याकडे वळलेली. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो लहान होता आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी स्वच्छ. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. आई अगदी स्थिर उभी होती. तिच्या हातात पाण्याची बाटली होती.

तेव्हा बाबांनी हाक मारली. मोठ्याने नाही. घशातून फाटून आल्यासारखा आवाज होता तो. त्यांनी आईला तिच्या नावाने हाक मारली.

आमच्या घरात, आमच्या बिल्डिंगमध्ये, रेशनकार्डावर आईचं जे नाव होतं ते हे नव्हतं. ते लग्नात बदललेलं. बाबांनी मारलेली हाक तिच्या माहेरच्या नावाची होती. ते नाव मी फक्त आजीच्या तोंडून ऐकलं होतं, सुट्टीत गावी गेल्यावर, विहिरीवरून आईला बोलवताना. मामा तिला ताई म्हणायचा. आजी गेल्यावर ते नाव घेणारं कुणी राहिलंच नव्हतं.

आई वळली. समोर बिबट्या असताना, त्याच्याकडे सरळ पाठ करून, ती आवाजाच्या दिशेने वळली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कुणीतरी अगदी अनपेक्षित माणूस दारात आल्यावर आपण बघतो तशी ती बाबांकडे बघत होती. तिच्या मागे बिबट्याने मान सरळ केली, उरलेली अर्धी वाट ओलांडली आणि कारवीत शिरला. एक पान हललं, मग तेही थांबलं.

आम्ही तिघं तशीच उभी. मग बाबा पुढे गेले आणि त्यांनी आईचा दंड धरला. माझ्यासमोर त्यांनी तिला असं कधी धरलं नव्हतं. दंड धरूनच ते आम्हाला मागे पाड्यापर्यंत घेऊन आले. तिथे एका घराच्या अंगणात आम्ही बसलो. घरातल्या म्हाताऱ्याने आमच्याकडे बघितलं आणि काही न विचारता पाणी आणून दिलं. पाणी पिताना बाबांनी अर्धं शर्टावर सांडलं.

उतरायला लागल्यावर, डांबरी रस्ता आल्यावर, आई म्हणाली, "अहो, तुम्हाला ते नाव ठाऊक होतं?"

"ठाऊक नसायला काय झालं? बघायला आलो तेव्हा तूच सांगितलंस ना."

"मी सांगितलं ते कुणाला ऐकूच गेलं नाही. काका म्हणाले मोठ्याने सांग, तेव्हा दुसऱ्यांदा सांगावं लागलं."

"मला पहिल्यांदाच ऐकू आलेलं," बाबा म्हणाले.

मी मुद्दाम मागे राहिले होते, पण रस्ता शांत होता, सगळं ऐकू येत होतं.

"मग बदललंत कशाला?" आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती.

"मला कुणी विचारलं? आत्याने कागदावर लिहून दिलं, म्हणाली हे तांदळात लिही. मी लिहिलं." मग म्हणाले, "तुझं तुला आवडत होतं का?"

"आवडायचं," आई म्हणाली.

चेकनाक्यावर पहारेकऱ्याला आम्ही सांगितलं तेव्हा तो खुर्चीतून उठलाच. "दिसला? एवढ्या जवळ? मी इतकी वर्षं इथे बसतो ताई, मला एकदा नुसती शेपूट दिसली." त्याला फारच वाईट वाटलेलं दिसलं. आईने त्याला पिशवीतली केळी दिली.

घरी आल्यावर बाबांनी जाहीर केलं की येऊर आता बंद. पुढच्या शनिवारी रात्री आईने बूट धुऊन पंख्याखाली ठेवले, आणि बाबांनी सकाळी उठून निमूट पिशवी भरली. तेव्हापासून ओढ्याच्या वाटेला लागलं की बाबा पुढे व्हायचे, हातात काठी घेऊन. ती काठी बघून बिबट्या नक्की काय करणार होता देव जाणे. आणि कधी वाट चुकतेय असं वाटलं, किंवा एखादा पक्षी दिसला, की ते आईला त्या नावाने हाक मारायचे. सवयीने मारावी तशी, अगदी सहज. घरात मात्र "अगं, ऐकलंस का" तसंच चालू राहिलं. मला वाटतं चारचौघांत ते नाव घ्यायला ते लाजत असावेत. मी त्यांना कधी विचारलं नाही. काही गोष्टी आईवडिलांच्या असतात.

काकूंनी ही सगळी हकीकत आमच्याकडून दोनदा ऐकून घेतली आणि मग तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत पोचवली. काही वर्षांनी तर बिबट्या दिसला तेव्हा त्या स्वतःच तिथे होत्या. माझ्या लग्नात माझ्या सासूबाईंना त्या सांगत होत्या, "मी वहिनींना म्हटलं, हलू नका!" आई शेजारीच बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. काकूंना तिने खोटं पाडलं नाही.

लग्नानंतर मी डोंबिवलीला गेले. नोकरी, घर, मग मुलगी. रविवार माझे राहिले नाहीत. आईबाबांचे मात्र चालू होते. येऊर बदलत होतं. पायथ्याला बिल्डिंगा येत होत्या, वर बंगले उठत होते, सुट्टीच्या दिवशी गाड्या भरभरून मंडळी टेपरेकॉर्डर घेऊन यायची. आईबाबा आणखी लवकर निघायला लागले, गर्दी वर पोचायच्या आत खाली उतरायचे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बाबांची कंपनी बंद पडली. कोलशेतच्या त्या पट्ट्यात तेव्हा एकामागून एक तेच होत होतं. रिटायर व्हायला त्यांना अजून काही वर्षं होती. मी भेटायला गेले तेव्हा बाबा खिडकीपाशी पेपर घेऊन बसले होते आणि पान उलटत नव्हते. आईला स्वयंपाकघरात नेऊन मी म्हटलं, "आई, बाबांचं काय करायचं?"

"काय करायचंय?" आई म्हणाली. "शुक्रवारी शेवटचा दिवस होता. सोमवारी सकाळी मी बूट घालून उभी राहिले. म्हटलं, उठा. म्हणाले, आज सोमवार. म्हटलं, हो, म्हणूनच."

"आले?"

"पहिल्या दिवशी दुसऱ्या वळणावरच बसले. मीही बसले. मला कुठे घाई आहे?"

तिने हे कढईत भाजी परतता परतता सांगितलं आणि मला कोथिंबीर निवडायला दिली. त्या सोमवारनंतर ते दोघं रोज जायला लागले. रविवार सोडून. रविवार म्हणे गर्दीचा.

एकदा मी आठवड्याच्या मध्ये रजा टाकली. मुलीला सासूबाईंकडे ठेवलं आणि पहाटेची गाडी पकडून ठाण्याला आले. आम्ही तिघं कितीतरी वर्षांनी एकत्र चढलो. मला धाप लागत होती. आई, पन्नाशी उलटलेली, वळणावर कमरेवर हात ठेवून थांबत होती. बाबा तिच्या बरोबरीने चालत होते, न थांबता, थोडे पुढे वाकून. कड्याशी आम्ही उभे राहिलो. खाली खाडी होती, पलीकडे धुकं. बाबांनी मला चिमणी दाखवली नाही आणि मीही विचारलं नाही. ते उल्हास नदीच्या बाजूला बोट दाखवून सांगत होते, की हवा अगदी स्वच्छ असली तर तिकडे कल्याणजवळच्या मोहन्याच्या कारखान्याचा धूर दिसतो. आई म्हणाली, "काही दिसत नाही, ह्यांच्या मनाने दिसतो."

उतरताना बाबा बुटाची नाडी बांधायला खाली वाकले, आणि नेमकं तेव्हाच आईने माझा हात दाबला. समोरच्या बांबूच्या बेटातून काहीतरी पांढरं निघालं, लांबच्या लांब शेपटीची दोन पिसं मागे लहरत, आणि वाटेवरून तरंगत पलीकडच्या झाडीत गेलं. मी काही बोलायच्या आत ते नाहीसं झालं होतं. बाबा उभे राहिले. "काय झालं?"

"स्वर्गीय नर्तक!" आई म्हणाली. "नर होता. पांढरा. अहो, इतकी वर्षं हाच पक्षी शोधतोय ना आपण!"

"कागद असेल," बाबा म्हणाले. "हल्ली लोक काय वाटेल ते टाकतात इकडे."

"कागदाला शेपूट असते?"

"पतंग असेल मग."

ते दोघं चेकनाक्यापर्यंत भांडत होते. मला साक्षीला बोलावलं गेलं. मी पांढरं काहीतरी बघितलं होतं हे खरं, पण नाव सांगण्याएवढी मी त्यातली नव्हे, असं म्हटल्यावर दोघंही माझ्यावर नाराज झाले. बसमध्ये तोच विषय, नौपाड्यात चहा पितानाही तोच. दुपारी मी डोंबिवलीला परतले. संध्याकाळी पोचल्याचा फोन केला तर आईने घाईघाईने उचलला.

"पोचलीस ना? बरं. मी ठेवते आता, डबा करून ठेवायचाय. उद्या लवकरची बस पकडणार आहोत. हे म्हणतायत, दाखव मला."

मागून बाबांचा आवाज आला, "तिला सांग, दुर्बीणही आणणार आहे. शेजाऱ्यांकडून."